भोंगा वाजला की साखर

नोकरी लागली त्या वर्षी माझ्या हातांना कायम उदबत्तीचा वास यायचा. आईला वाटायचं, कंपनी भलतीच देवभोळी आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत तेव्हा नवनव्या शेड उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका लहानशा शेडमध्ये आम्ही आगीची सूचना देणारी यंत्रं जुळवायचो. छताला उलटी लावायची पांढरी डबी, तिच्यापासून निघालेली वायर, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला भोंगा. डबी धूर ओळखते की नाही हे तपासायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यासाठी कंपनीने मला कुठलंही भारी उपकरण दिलं नव्हतं. उदबत्तीचा पुडा दिला होता. पेटवलेली उदबत्ती डबीखाली धरायची आणि वाट बघायची. थोडा वेळ काहीच घडायचं नाही. मग डबीवरचा बारीक लाल दिवा लागायचा आणि भोंगा बोंब मारायचा.

दिवसभर हेच केलं तरी मला त्याचा कंटाळा येत नसे. या डबीला धूर कसा कळतो, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. शेवटी एक नापास झालेली डबी मी उघडून बसले. आत एक काळीकुट्ट खोली होती. एका बाजूला इवलासा दिवा, आणि त्याचा उजेड अंगावर पडणार नाही असा आडोशाला बसवलेला एक डोळा. एरवी त्या डोळ्याला काहीच दिसत नाही. धूर आत शिरला की उजेड त्याच्यावर आपटून इकडेतिकडे विखुरतो आणि थोडासा त्या डोळ्यात जातो. लहानपणी पत्र्याच्या भोकातून कवडसा पडायचा आणि चुलीचा धूर त्यात आला की मगच तो कवडसा नीट दिसायचा, तेच हे. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी घरी येऊन मी सगळ्यांना ते समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "बरं मग?" आबा म्हणजे माझे वडील. ते कशानेच सहजासहजी थक्क होत नसत.

आमचं घर म्हणजे शिरूरच्या बाजारपेठेतलं दुकान आणि त्याच्या मागे-वर राहायच्या खोल्या. पणजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, मग मेंढरं गेली आणि घोंगड्या उरल्या. आबा घोंगड्या विकायचे. जोडीला कासरे, दावी, सुतळी, ताडपत्री आणि बारदान. दुकानामागच्या खोलीत बारदानाच्या आणि घोंगड्यांच्या थप्प्या आढ्याला टेकलेल्या असत. दुकानावर लाकडी तक्तपोशीचा, म्हणजे फळ्यांच्या जमिनीचा, माळा होता आणि त्या माळ्यावर आत्या राहायची.

आत्या आबांची धाकटी बहीण. लहानपणी गोवर झाला आणि त्यात तिचे दोन्ही कान गेले. मोठा आवाज, छोटा आवाज असलं काहीही तिच्या वाट्याला उरलं नाही. बोलणंही तिथेच थांबलं. लग्न झालं नाही, खरं म्हणजे तिनेच होऊ दिलं नाही. बघायला आलेल्या एकाची तिने त्याच्या तोंडावर अशी हुबेहूब नक्कल केली होती की तो चहाही न पिता गेला. माळ्यावर तिचं शिलाई मशीन होतं. दप्तरं, पिशव्या, ताडपत्रीच्या शिवणी, असलं जाड काम ती करायची आणि गिऱ्हाइकं जिन्याने वर जाऊन तिच्याशी हातवारे करत भांडायची. आम्हा सगळ्यांना तिने खुणा दिल्या होत्या. मिशीला पीळ म्हणजे आबा. कपाळावर अंगठ्याएवढं गोल म्हणजे आई. दोन वेण्या ओढल्या की मी. हात वर करून झेंडा हलवला की दौंडचे काका, कारण ते रेल्वेत गार्ड होते.

तर शेजारच्या दुकानाला आग लागली तेव्हा हे सगळं हललं. कागदाचं आणि प्लॅस्टिकचं दुकान ते. भर बाजाराच्या दिवशी दुपारी पेटलं. आमच्याकडे आग म्हटलं की माणसं पळून जात नाहीत, आगीकडे पळतात. हंडे, घागरी, कळशा घेऊन सगळी गल्ली तिकडे धावली, आबा ओल्या घोंगड्या घेऊन धावले, आईसुद्धा धावली. आग विझली. मग धापा टाकत सगळे ओट्यावर टेकले आणि आईने एकदम कपाळावर हात मारला. आत्या वर आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. पळत जाऊन पाहिलं तर खिडकीतून काळा धूर आत येत होता आणि आत्या पाठमोरी, खाली मान घालून एका दप्तराला पट्टा लावत होती. आम्हाला बघून तिने खुणेने विचारलं, काय झालं, एवढे काळे का झालात?

दुसऱ्याच दिवशी दौंडचे काका आले. ते आबांचे थोरले भाऊ, आणि त्यांच्या शब्दापुढे आबा कधी जात नसत. काका म्हणाले, "गल्ली बोंबलली तरी हिला कळंना, तर हिला माडीवर ठिवून तुम्ही कसली राखण करताय? म्या घिऊन जातो." आत्याला खूण करून सांगितलं तेव्हा तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला. काकांनी मान हलवली. मशीन न्यायचं नाही, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये जागा कुठे आहे? तिने काही आकांत केला नाही. एका पिशवीत लुगडी भरली आणि ती पिशवीही तिनेच शिवलेली होती. मला त्या दिवशी काकांचा राग आला आणि आबांचा त्याहून जास्त आला, पण काकांचं चुकतं आहे असं मात्र ठामपणे म्हणता येईना.

थोड्या दिवसांनी मी तिला भेटायला गेले. शिरूरहून एसटीने न्हावरं, चौफुला करत दौंड. क्वार्टर रुळांच्या अगदी कडेला होतं. काकूंनी आत्याला अगदी चांगलं ठेवलं होतं, खायला-प्यायला कशाला कमी नव्हतं. फक्त करायला काही नव्हतं. मला बघितल्यावर तिने पहिली खूण केली ती मशीनचं चाक फिरवण्याची.

आम्ही ओट्यावर शेंगा निवडत बसलो होतो. मधेच आत्याने डावा हात भिंतीला लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मालगाडीची खूण केली, लांबलचक, एकामागून एक डबे. मला तर काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने खरंच मालगाडी आली. मग मी शेंगा बाजूला ठेवल्या आणि तिची परीक्षाच घ्यायला लागले. ती भिंतीवरून, नाहीतर नुसत्या तळपायाने, मालगाडी कुठली आणि प्रवासी गाडी कुठली, इतकंच काय, गाडी थांबणार की निघून जाणार हेही सांगायची. बरेच वेळा बरोबर निघायचं. चुकलं की ती स्वतःच्या टाळक्यात टपली मारून घ्यायची. काका म्हणाले, "आल्यापासून ह्योच धंदा हाय तिचा. मला ड्यूटीवर जायला उठिवती."

मी तिथल्या तिथे उडी मारली. "काका, आगीचा भोंगा तिच्या पायापर्यंत पोचवला तर? मग येऊ द्याल तिला परत?"

काका शब्दाचे पक्के होते, म्हणून शब्द देताना फार विचार करायचे. "पोचव," ते म्हणाले. "म्या यिऊन बघनार. पोचला तर ऱ्हाऊ दे तिला. न्हाई पोचला तर कायमची हितं आननार, मग रडायचं न्हाई, तू बी आन् तिनं बी."

कंपनीतून मला एक जुनं, नमुन्यादाखल फिरवून झिजलेलं पॅनल मिळालं, म्हणजे डबीची खबर घेऊन भोंगा वाजवणारी पेटी. डबी आणि भोंगा आलाच. धूर पकडणं सोपं होतं. अडचण पुढे होती. आधी मी माळ्यावर मोठा दिवा लावून पाहिला, पण मशीनवर वाकल्यावर आत्याला सुईखेरीज काही दिसत नसे. मग मशीनची मोटरच बंद पाडायची युक्ती केली. आग लागली की मशीन थांबेल, मशीन थांबलं की ती उठेल. आबा म्हणाले, "लोडशेडिंगमधी दिसातनं चारदा थांबतंय ते मशीन. चारदा आग लागली म्हनून पळंल व्हय ती?" आबांना थक्क करता येत नसे, पण त्यांना फसवताही येत नसे.

शेवटी भंगारवाल्याकडे एका मोडक्या टेम्पोची वायपरची मोटर मिळाली. बारा व्होल्टची, म्हणजे बॅटरीवर चालणारी, म्हणजे लाइट असो-नसो काम करणारी. तिच्या दांड्याला मी लाकडी ठोकळा बांधला आणि ती दुकानाच्या आढ्याला, माळ्याच्या तक्तपोशीखाली अशी बसवली की मोटर फिरली की ठोकळा खालून फळीवर आदळेल. मागच्या खोलीत डबी, पुढे दुकानात भोंगा आणि मध्ये ही धोपटणी. पहिल्यांदा उदबत्ती धरली तेव्हा भोंगा केकाटला, वर धप-धप-धप सुरू झालं आणि तक्तपोशीतली कैक वर्षांची धूळ आबांच्या पांढऱ्या टोपीवर पडली. आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

काका बघायला येईपर्यंत म्हणून आत्या परत आली. मी तिला फळीवर उभं केलं, आईने खाली उदबत्ती धरली. पहिला धप बसताच आत्या दचकली, मग खाली वाकली, मग फळीवर चक्क आडवी पडून तिने कान लावला. ऐकू येत नाही हे माहीत असून लावला. उठली तेव्हा ती हसत होती. मी खुणा करून सांगितलं, हे पायाला लागलं की हातातलं काम टाकायचं आणि खाली यायचं. काहीही असो, यायचंच. तिने मान हलवली.

आता इथे मी एक गोष्ट हिशेबात धरलीच नव्हती, आणि ती म्हणजे धूप. आमच्याकडे रोज दिवेलागणीला आबा गोवरीचा तुकडा गॅसवर लाल करून धुपाटण्यात घालायचे, वर ऊद टाकायचे आणि तो धूर सगळ्या दुकानभर फिरवायचे. गल्ल्याला, काट्याला, मागच्या खोलीत, प्रत्येक थप्पीपाशी. बारदानाच्या ढिगातून जळता निखारा फिरवायचा आणि देवा, सांभाळ म्हणायचं. वर्षानुवर्षं देव सांभाळत आला होता, त्यामुळे आबांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी ऊद पडला आणि डबीने आपलं काम चोख केलं.

मी म्हटलं, "आबा, मागच्या खोलीत धूप नका फिरवू."

"देवाला दारातच थांब म्हनू?"

"मग धुपाच्या वेळी यंत्र बंद ठेवू."

"आन् परत चालू करायचं कोन ध्यानात ठिवनार? मी?"

हे मात्र खरं होतं. आबा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचे. मग मी डबी दुसऱ्या कोपऱ्यात हलवली, तर धूर तिथे गेला. धूर कुठे जातो याचा मी तेव्हा जेवढा अभ्यास केला तेवढा कंपनीतही कुणी केला नसेल. तो आधी सरळ वर जायचा, आढ्याला पसरायचा, आणि पंखा चालू असेल तर भलतीकडेच वळायचा. काहीही केलं तरी ऊद पडला की भोंगा वाजायचाच. धूर निवळला की आई लाटण्याच्या टोकाने पॅनलचं बटण दाबून तो बंद करायची.

महिन्याभरात गल्लीला त्याची सवय झाली. भोंगा वाजला की समोरचा किराणावाला दिवे लावायचा. कोपऱ्यावरचा पानवाला उदबत्ती काढायचा. जुनी गिऱ्हाइकं भोंगा ऐकला की चप्पल काढून देवाकडे तोंड करून हात जोडायची. आई तर म्हणायला लागली, आपल्या देवाला आता कुठे जोरात ऐकू जातंय.

आणि आत्या खाली यायची. रोज. सांगितलं होतं तसं, धप लागला की हातातलं काम टाकून, सुई अर्ध्या टाक्यात ठेवून जिना उतरायची. खाली धूप चाललेला असायचा. आग नाही हे तिला दिसायचं, पण उतरलीच आहे तर आबा तिच्या हातावर प्रसादाची साखर ठेवायचे. ती साखर खायची, धुपाच्या धुरावर हात फिरवून डोळ्यांना लावायची आणि वर जायची. पुढे पुढे तर धप बसला की ती उजवा हात पुढे करूनच जिना उतरायची. मला हे बघून वाईट वाटायचं. मी तिला जीव वाचवायला शिकवलं आणि ती साखर मागायला शिकली, असं मी आईजवळ बोललेही. आई म्हणाली, "येती ना खाली? मग झालं."

काका बघायला आले तो गुरुवार होता. एमआयडीसीची सुट्टी म्हणून मी घरीच होते. त्यात अमावस्या, म्हणजे दुपारचाही धूप. काकांचं ताट वाढलं, आबांनी नैवेद्य दाखवून धुपाटणं उचललं, आणि काकांसमोर सगळा तमाशा झाला. भोंगा कोकलला. वर ठोकळा आपटायला लागला. काकांच्या आमटीत धूळ पडली. समोरच्या किराणावाल्याने मान वर करूनही पाहिलं नाही. आत्या हात पुढे करून खाली आली, साखर खाल्ली, काकांना झेंड्याची खूण करून नमस्कार केला आणि वर गेली.

धूर निवळल्यावर आईने लाटण्याने भोंगा बंद केला. काकांनी शांतपणे ताट बाजूला केलं. "ह्ये रोज वाजतं?"

"रोज," आबा म्हणाले.

"आग नसताना?"

काका माझ्याकडे वळले. "पोरी, तुझी अक्कल मोठी हाय, मला मान्य हाय. पन आमच्या लाइनीवर एखादा सिग्नल रोज खोटा लाल झाला, तर डायवर त्याच्याकडं बघायचं बी सोडतो. खरा लाल व्हईल तवा काय व्हईल? ही गल्ली बग. कुनी मुंडी तरी वळिवली का?"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि मला ते कंपनीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"उद्याच्या सकाळच्या एसटीनं घिऊन जातो. मशीन इकून टाका."

आबांनी मान खाली घातली. आई म्हणाली, अमावस्येला माणूस हलवायची बोलणीसुद्धा करू नयेत, निदान तिची दृष्ट काढते. काका म्हणाले, रेल्वेला अमावस्या नसते. आत्याला वर जाऊन सांगायचं काम कुणीच घेईना, तेव्हा काका स्वतः जिना चढून गेले. खाली आल्यावर ते म्हणाले, "बोचकं बांधाय लागली." आणि मला म्हणाले, "जा, पान घिऊन ये."

मी गेले. माझे डोळे भरून आले होते आणि रागही आला होता, धुपाचा, काकांचा, माझ्या त्या दीडशहाण्या डबीचा. पानवाला चुना लावत होता, तेवढ्यात आमच्या दुकानातून भोंगा ऐकू आला.

"आज तुमच्याकडं द्येव लईच जागा हाय," पानवाला म्हणाला, आणि कात लावायला लागला.

मला वाटलं, आईने दृष्ट काढली असेल. मीठ-मोहऱ्या, मिरच्या जळल्या की धूर होतोच. पण दृष्टीच्या मिरच्यांचा ठसका असा असतो की अर्धी गल्ली शिंकते, आणि कुणीच शिंकत नव्हतं. उदाचाही वास नव्हता. मी नाक वर करून उभी राहिले. मग वारा इकडे वळला आणि वास आला. केस जळल्यासारखा. घोंगडीच्या घरात वाढलेल्या माणसाला लोकर जळण्याचा वास सांगावा लागत नाही. मी पान तिथेच टाकून पळाले.

दारात पोचले तर आत काय दिसावं? काका गादीवर बसून, पुन्हा धूपच समजून, टोपी काढून देवाकडे हात जोडून होते. आबा न्हावऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला ताडपत्री उलगडून दाखवत होते. मागून स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, किती वेळा धूप फिरवताय?" आबा तिकडे बघून ओरडले, "मी कुठं फिरिवतोय? तूच काढतीयस न्हवं दृष्ट?" आणि पुन्हा ताडपत्रीकडे वळले. तक्तपोशी धपधपत होती. आणि आत्या जिन्यावरून उतरत होती. डोळे रडून लाल, एका हातात अर्धवट बांधलेलं बोचकं, आणि दुसरा हात पुढे.

ती आबांसमोर जाऊन उभी राहिली. आबांनी मान हलवून नाही म्हटलं, धूप नाही, साखर नाही. तिने पायाकडे बोट दाखवलं, धप लागतोय. पुन्हा हात पुढे. आबांनी पुन्हा नाही म्हटलं. मग तिने चिडून देवाजवळच्या धुपाटण्याकडे बोट केलं, आणि आबांनी तिकडे पाहिलं.

धुपाटणं पालथं घातलेलं होतं. राख झाडून, पुसून, गार.

आबांच्या हातातून ताडपत्री पडली. "मग वाजतंय कशानं?" ते म्हणाले, आणि मी दारातून ओरडले, "मागं, मागं बघा!"

मागच्या खोलीत तळाच्या बारदानाची थप्पी आतल्या आत धुमसत होती. दुपारच्या धुपातला गोवरीचा एक तुकडा सांडला होता. वरच्या घोंगड्या नुसत्या करपत होत्या म्हणून ज्वाळा नव्हती, पण आबांनी थप्पी ओढली तशी हवा लागली आणि आग भसकन वर आली. मी आधी मेन स्विच खाली ओढला. आबांनी घोंगड्या हौदात बुचकळल्या आणि आम्ही त्या आगीवर फेकत सुटलो. काकांनी धोतर खोचलं आणि पेटती पोती हाताने ओढून अंगणात नेली. आता मात्र गल्ली धावली, हंडे आले, घागरी आल्या, पानवाला कात लागलेल्या हातांनी बादली घेऊन आला. ती बारदानं आणखी थोडा वेळ तशीच राहती तर वरची तक्तपोशी पेटली असती. सगळ्यांनी एकदा वर पाहिलं.

आग विझल्यावर आम्ही पुढे आलो. सगळे काळे, सगळे भिजलेले. आईने लाटण्याने बटण दाबलं आणि एकदम शांत झालं. आत्या जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. आम्ही घागरी भरत होतो तेव्हा तीही हौदावर होती, तिच्या लुगड्याचा काठ ओला होता. पण आता ती पुन्हा आपल्या जागी येऊन थांबली होती, आणि तिचा हात अजून पुढे होता.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग देव्हाऱ्यातला साखरेचा डबा काढला आणि काळ्या हातांनी सगळा तिच्या तळहातावर उपडा केला. साखर सांडली, जमिनीवर पडली. आत्याला ते पटलं नाही. तिने चिमूटभर ठेवून बाकीची डब्यात परत ओतली, चिमूट तोंडात टाकली, आणि रिकाम्या हाताने मिशीला पीळ दिल्याची खूण करून आबांना विचारलं, तू रडतोयस का? मग बोचकं उचललं आणि वर गेली.

काका ओट्यावर बसले होते. त्यांच्या हाताला फोड आले होते, आई त्यावर गार पाणी ओतत होती. मेन स्विच मीच परत चालू केला, पुढच्या भागाचा, वायरी नीट तपासून. लाइट आली आणि वर आत्याचं मशीन सुरू झालं.

काका मान वर करून ते ऐकत राहिले. आबांनी हळूच विचारलं, "दादा, सकाळची एसटी... तिला तयार ऱ्हायला सांगू?"

"तिला कशाला?" काका म्हणाले. "तिला हितंच ऱ्हाऊ दे. न्यायचंच तर तुम्हा तिघास्नी दौंडाला न्यावं म्हंतो."